देश निवडताना पगाराआधी वयाचा हिशोब मांडा

लातूर, नांदेड, परभणीकडची इंजिनिअर पोरं परदेशाचं ठरवताना आधी पगार विचारतात. आमचं म्हणणं, पहिला प्रश्न वेगळा हवा: कायमचं राहायची परवानगी किती वर्षांत मिळेल, आणि तोवर आपलं नि लेकराचं वय किती झालेलं असेल?

अमेरिकेत पगार मोठा, हे खरं. पण एच-वन-बी, म्हणजे तिथं नोकरी करायचा व्हिसा, वर्षाला ६५,००० आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००, तेही लॉटरीनं. पुढं ग्रीन कार्डात, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवान्यात, एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग दहा वर्षांच्या पार जाते. लेकरू २१ वर्षांचं झालं की त्याला आईबापाच्या व्हिसावर राहता येत नाही. दहा वर्षांचं लेकरू घेऊन निघणाऱ्यांनी हे आधीच मांडून बघावं.

कॅनडात पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, हातात घेऊनच विमानात बसता येतं, पण गुणांची चाळणी बारीक आहे. एकट्याचा अर्ज असेल तर वयाचे २९ पर्यंत ११० गुण, ३५ ला ७७, ४५ ला शून्य. खरा घात होतो आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, लिसनिंगला (ऐकण्याच्या भागाला). बीई आणि ३ वर्षांचा अनुभव धरा. बाकी तिन्हींत ७ बँड आहेत, पण लिसनिंगला लागणाऱ्या ८ ऐवजी ७.५ आले. भाषेचे ८ गुण गेले, डिग्री आणि भाषा दोन्ही चांगल्या असल्याचे जे जोडगुण मिळतात त्यातले १२ गेले, अनुभव आणि भाषेच्या तशाच जोडगुणांतले २५ गेले. अर्ध्या बँडपायी ४५ गुण! परत परीक्षेची फी भरायला कचरू नका.

जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या परवान्यावर, २७ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, जर्मन भाषेची बी-वन ही मधली पातळी झाली असेल तर २१ महिन्यांत. त्याआधी आपलं विद्यापीठ 'अनाबिन' या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का, ते बघा.

शेतीवाल्या घरांसाठी एक गोष्ट. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर वडिलांची जमीन वारसानं मिळते, नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही.

आणि कागद. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळी मांडणी; जुन्या दाखल्यावर औरंगाबाद, नव्यावर छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक फॉर्मवर नाव आणि जन्मगाव पासपोर्टप्रमाणंच लिहा.