कटिंगचा ग्लास आणि फोटोग्राफिक कागद

दादरच्या आमच्या घरातील न्हाणीघराची एकुलती एक खिडकी काळ्या कागदाने झाकली की रात्री तिथे बऱ्यापैकी डार्करूम तयार होते. कॅमेऱ्याविना, फोटोग्राफिक कागदावर (प्रकाश पडेल तिथे तो रसायनात धुतल्यावर काळा होतो) थेट वस्तू मांडून प्रकाश टाकला की जे चित्र उमटते तो फोटोग्राम. अमेरिकन कलाकार मॅन रे यांनी पॅरिसमध्ये १९२२ साली केलेले असे प्रयोग प्रसिद्ध आहेत.

किल्लीसारखी अपारदर्शक वस्तू नुसती पांढरी आकृती सोडते, आणि तिचा मला तरी लवकरच कंटाळा येतो. याउलट टपरीवर मिळतो तसा कंगोऱ्यांचा कटिंगचा ग्लास आडवा ठेवला, तेव्हा प्रत्येक कंगोऱ्याने भिंगासारखा प्रकाश वळवला आणि जिथे तो एकवटला तिथे काळ्या रेघा, जिथून तो हटला तिथे पांढरे पट्टे उमटले. कांद्याच्या पातळ सालीने शिरांसकट राखाडी छटा दिल्या. पिंपळाच्या जाळीदार पानाला मात्र प्रकाश कमीच द्यावा लागला, कारण तो जरा वाढला की बारीक जाळी काळ्यात बुडते.

जुलैत पुरता न पुसलेल्या ग्लासखाली कागद चिकटला आणि वाया गेला (कागद स्वस्त नसतो!). तेव्हापासून ओलसर वस्तू मी काचेच्या तावदानावर मांडतो आणि ते कागदावर ठेवतो, मग कडा किंचित धूसर आल्या तरी चालतात.