जाहिरात कापायचे पैसे

रात्रीची लाईट असली की मला केळीत जावं लागतं. मोटर सुरू करायची, ड्रिपचा फिल्टर धुवायचा, मग बसून राहायचं. कानात पॉडकास्ट. मागच्या उन्हाळ्यात एका रात्री दोन्ही हात चिखलाने बरबटलेले, मोबाईल खिशात, आणि कर्ज देणाऱ्या ॲपची तीच जाहिरात लागोपाठ तीनदा. पुढे ढकलायला बोट कुठून आणू? दिवसा मी घरी बसून कोड लिहितो, तेव्हा वैतागून एक प्रोग्रामच लिहिला. व्हिस्पर नावाचं एआय मॉडेल ऑडिओचा मजकूर काढतं, दुसरं मॉडेल त्यात जाहिरात कुठे सुरू, कुठे संपली ते सांगतं, तेवढा तुकडा उडवायचा.

यूट्यूबच्या व्हिडिओतली जाहिरात ओलांडायला स्पॉन्सरब्लॉक आहे, फुकट. जाहिरात कुठे आहे, ती खूण कोणीतरी एकाने केली की सगळ्यांना चालते, कारण व्हिडिओ सगळ्यांना सारखाच. पॉडकास्टचं तसं नाही. आमच्या फैजपूरच्या पेपरात फर्निचरवाल्याचं पॅम्फ्लेट असतं, भुसावळच्या गठ्ठ्यात क्लासचं. तसंच इथे डाउनलोड करताना सर्व्हर जाहिरात खुपसतो. माझा भाग बावन्न मिनिटांचा, तुमचा पंचावन्न. त्यामुळे प्रत्येकाची फाइल वेगळी तपासावी लागते, आणि मशीन, वीज फुकट नाही.

हाच मुद्दा माझ्या मेव्हण्याने पकडला. "दाजी, महिन्याला 99 लावा. तुमचा खर्च आहे, काही चोरी नाही." हिशोब चुकीचा नव्हता. शिवाय खुपसलेल्या जाहिरातीचे पैसे बहुतेक वेळा हजार डाउनलोडमागे ठरतात. कोणी ऐकली का, हे त्यात नीट कळतच नाही. म्हणजे बुडालं कोणाचं? मीही आठवडाभर हेच स्वतःला ऐकवत होतो. पैसे घ्यायचे पानही बनवून ठेवलं होतं.

मग अमळनेरच्या मित्राला कौतुकाने प्रोग्राम दाखवला. तो अहिराणीत पॉडकास्ट करतो, शेतीच्या गप्पा. त्याचाच नवा भाग घातला. त्याला पहिलीच जाहिरात मिळाली होती, एका बियाण्याच्या दुकानाची, तीन भागांचे 1500 रुपये. ती त्याने स्वतःच्या आवाजात केलेली: आजीने कपाशीचं बी मडक्यात लपवलं आणि उंदरांनी मेजवानी केली, तो किस्सा, आणि शेवटी दुकानाचं नाव, "माझं नाव सांगा, सूट घ्या." प्रोग्रामने आजी, मडकं, उंदीर सगळं साफ कापलं. तो दोनदा मागे-पुढे करून बघत होता.

"मनी जायरातच कापी टाकी का भाऊ?"

आणि दुकानदार डाउनलोड मोजत नाही. नाव सांगत किती गिऱ्हाईक आलं, ते मोजतो.

वडील पेपर उघडला की पॅम्फ्लेट झटकून खाली टाकतात. त्यांचा पेपर, त्यांची मर्जी. मीही हात कोरडे असले की जाहिरात ढकलतोच, त्यात मला काडीचा संकोच नाही. पण चौकात टेबल टाकून दोन रुपयांत पॅम्फ्लेट काढून देणारा बसला, तर त्याचा धंदा पेपरवर उभा, आणि पेपर काढणाऱ्याला त्यातला रुपया नाही. माझे 99 तिथेच अडकले. फुकट वाटलं तरी मित्राचं नुकसान व्हायचं ते होणारच, हे मला कळतं. पण मग निदान त्या नुकसानीवर माझा हप्ता चालणार नाही.

त्याच रात्री त्याचं पॉडकास्ट सुटीच्या यादीत टाकलं: याचं कापायचं नाही. बरं वाटलं, जेमतेम दहा मिनिटं. वेबसाइटवरच्या जाहिराती अडवणाऱ्या ॲडब्लॉक प्लसने 2011 मध्ये अशीच यादी सुरू केली होती, त्रास न देणाऱ्या जाहिरातींची, आणि पुढे मोठ्या कंपन्यांकडून त्या यादीचे पैसे घेतले. ऐकणाऱ्याकडून कापायचे घ्या, बोलणाऱ्याकडून न कापायचे. अडत्याही दोन्हीकडून घ्यायला जरा लाजतो.

पैशांचं पान काढून टाकलंय. मेव्हण्याचा काल परत फोन आला, उचलला नाही. यादीत अजून एकच नाव आहे.