काळा फिका पडतो तेव्हा

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज दिवसभर डोळ्यांसमोर एकच चित्र आहे. चित्रकार सोनिया डेलोनेचं ‘प्रिझ्म एलेक्त्रिक’, म्हणजे विजेचे लोलक. १९१४ सालचं तैलचित्र, पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या संग्रहातलं. पॅरिस काही मी पाहिलेलं नाही. झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट काढून आणली आणि भिंतीला चिकटवली. मूळ कॅनव्हास अडीच मीटर बाय अडीच मीटर, आपल्या डबलच्या चादरीएवढा जवळजवळ.

पॅरिसमधल्या सां-मिशेल रस्त्यावर तेव्हा विजेचे दिवे लागले होते, त्यांच्या प्रकाशावरून तिला हे सुचलं. एकमेकांत शिरलेली दोन मोठी वर्तुळं, त्यांच्या कापून जोडल्यासारख्या कमानी. तांबड्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी नारिंगी. थोडा वेळ टक लावून पाहिलं की वर्तुळं फिरायला लागतात.

ह्या बाईनं १९११ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याच्यासाठी कापडाच्या तुकड्यांची वाकळ शिवली होती, रशियातल्या शेतकऱ्यांच्या घरी शिवायचे तशी. पुढं चित्रांत जे आलं ते त्या तुकड्यांत आधीच दिसतं. ती वाकळसुद्धा संग्रहालयानं जपली आहे. हे वाचलं आणि उठून ट्रंकेतली आजीची वाकळ काढली. नऊवारीचे तुकडे, मध्ये आजोबांच्या धोतराचा पांढरा चौकोन. तो पांढरा नसता तर बाकीचे रंग इतके उठले नसते. आजीला हे कुणी शिकवलं असेल?

खरं लिहायचं आहे ते अप्पांबद्दल. अप्पांनी चाळीस वर्षं जेकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाईनं काढली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून कार्डं पंच करायची. मी सातवीत असताना एका व्यापाऱ्यानं चादरींचा अख्खा गठ्ठा परत पाठवला. गर्द निळ्यात काळी वेल होती. काळा कच्चा आहे, विटका दिसतोय, असं त्याचं म्हणणं. अप्पांनी तीच काळ्या सुताची कांडी पांढऱ्या कापडावर ठेवून दाखवली, काळीभोर. त्यानं ऐकलं नाही. पैसे कापले गेले. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत.

आज कळलं, हीच तक्रार भिंतीवर टांगायची चित्रं विणणाऱ्या पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातही आली होती. तिथल्या रंगाईचा प्रमुख शेव्रल, रसायनशास्त्रज्ञ. निळ्याजांभळ्या भागांतल्या सावल्यांचा काळा दमदार दिसत नाही, असं लोक म्हणत. त्यानं सूत तपासलं, रंगात खोट नव्हती. खोट शेजाराची होती. निळ्याजवळ ठेवलेल्या काळ्यावर डोळा नारिंगी झाक चढवतो, म्हणून तो विटका वाटतो. त्यावर त्यानं १८३९ मध्ये ग्रंथच लिहिला, आणि डेलोने नवराबायकोनं शेजारच्या रंगांचा हाच खेळ धरून चित्रं काढली. म्हणजे माझ्या भिंतीवरच्या ह्या चित्राचं मूळ रंगाऱ्याच्या हौदात आहे. मला हे वाचताना रडू आलं. इतकी वर्षं अप्पा बरोबर होते.

संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रंग पुन्हा स्वच्छ दिसतात. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वेल काळी नव्हती घ्यायची. पिवळट घ्यायला पाहिजे होती. मला तेव्हाच वाटलं होतं, पण मालकाला काळीच पाहिजे होती.”

मग खुर्ची भिंतीजवळ ओढली आणि चित्रातल्या सगळ्यात मोठ्या कमानीवरून बोट फिरवत राहिले. मागावर खरा गोल कधी येत नाही, चौकोनाला चौकोन लावत पायऱ्या-पायऱ्यांनी गोल करावा लागतो. मोराची मान, फूल, सगळं तसंच.

“हिच्या गोलाला पायऱ्या नाहीत गं,” अप्पा म्हणाले, आणि बोट परत पहिल्यापासून फिरवायला लागले.