बदामचा बादशहा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी आमच्या गिरणाकाठच्या गावात कोणी झोपत नाही. पोरीबाळी निंबाच्या झोक्यावर, बाप्ये पारावर पैसे लावून, चिल्लीपिल्ली ओट्यावर बदाम सात खेळत. यंदा एक भिडू कमी पडला म्हणून भाचरांनी मला ओढलं. खापरावरची पुरणपोळी न् आमरस पोटात, डोळे जड, आणि पहिल्याच डावात हातात आला बदामचा बादशहा.

चौघांत हाच बिनमिशांचा. वर स्वतःच्याच डोक्यात तलवार खुपसलेली. लहानपणी मी आबांना विचारलं होतं, "याला कोणी मारलं?" आबा पानं पिसत म्हणाले, "कोण मारतो राजाला? डोकं फिरलं की हात त्याचाच."

पुढे कळलं, मुळात त्याच्या हाती कुऱ्हाड होती. ठशावरून ठसा कोरता कोरता पातं गळालं, मिशाही गेल्या. खरं असेल. मला आबांचंच पटतं.

पदरी ठेवलेला चितारी असं काही गळू देत नाही. अबुल हसनने १६१६च्या सुमाराला काढलेला जहांगीर बघा. मासा, माशावर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल, आणि गोलावर हातात धनुष्य घेतलेला बादशहा. समोर भाल्यावर निजामशाहीचा वजीर मलिक अंबरचं मुंडकं, आणि बादशहाचा बाण थेट त्याच्या तोंडात. डोक्यामागे तेजोवलय तर हवंच. आता हाच अंबर पकडायला शहजादा परवेझ आमच्या खानदेशात, बुऱ्हाणपुरात दरबार थाटून बसला होता. अंबर काही सापडला नाही. चित्रानंतर आणखी दहा वर्षं जगला, १६२६ला म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला. जहांगीर त्यानंतर जेमतेम दीड वर्ष.

चितारी बिचारा काय करणार, रंग बादशहाचे, पगारही त्याचाच. पण ते चित्र बघून मी बराच काळ अंबर लढाईत पडला असंच धरून चाललो होतो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

बदाम सातमध्ये मात्र बादशहाचं काही चालत नाही. गुलाम पडल्याशिवाय राणी नाही, राणी पडल्याशिवाय हा नाही. तोवर हातात घाम पीत बसायचं.

"मामा, टाक ना! राणी केव्हाची पडेल शे."

टाकला. तरी हरलोच, किलवरची दुर्री हातात राहून गेली होती.