भोर ते पुणे : नानांच्या डोळ्यांसाठी चार फेऱ्या

नारळी पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी आम्ही पहिल्यांदा गेलो आणि नानांच्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन पडलं ते नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी. मधे पूर्ण सहा आठवडे गेले. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "आठ-दहा दिवसांत द्यायला हवं." त्या सहा आठवड्यांत कुणी मुद्दाम आम्हाला अडवलं नाही. अडलं ते एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर जाताना, एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत पोचताना. गावाकडून पुण्याला डोळे दाखवायला येणाऱ्यांचे असे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

नाना माझे वडील, वय बहात्तर. साखर पंधरा वर्षं. आमच्या भागात झालेल्या शिबिरात डोळ्याच्या पडद्यावर साखरेचा परिणाम झालेला दिसला आणि "पुण्याला पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा" अशी चिठ्ठी मिळाली. नानांना मात्र काहीच त्रास वाटत नव्हता. पेपर वाचताना उजव्या डोळ्यापुढे मधोमध थोडं पुसट दिसतं, एवढंच. पडद्याच्या आजाराचं हेच वाईट आहे. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून माणूस निवांत राहतो.

भोरहून सकाळची सहाची एसटी धरली की कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रज करत पावणेआठ-आठपर्यंत स्वारगेटला पोचता येतं. पाऊस असेल तर अर्धा तास जास्त धरा. स्वारगेटहून आता मेट्रो आहे. जिल्हा न्यायालय स्टेशनवर वनाज-रामवाडी मार्गाची मेट्रो बदलता येते, त्यामुळे कोथरूड असो की पुणे स्टेशन, कुठल्याही बाजूच्या दवाखान्याला जाणं बरंच सोपं झालंय. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना लिफ्ट कुठल्या दाराशी आहे ते जाताना बघून ठेवा. येताना ती लागतेच, आणि का लागते ते पुढे येईलच.

पहिल्या फेरीत तपासणी आणि ओसीटी झाली. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. सुई नाही, दुखत नाही, दोन-पाच मिनिटांचं काम. त्यात पडद्याच्या मध्यभागी सूज दिसली. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, सुरुवातीची तीन तरी महिन्या-महिन्याच्या अंतराने, आणि मग सूज बघून पुढचं ठरवू. डोळ्याचं प्रेशरही थोडं जास्त होतं, म्हणून काचबिंदूसाठी फील्ड टेस्ट, म्हणजे डोळ्याला चहूबाजूंनी किती दिसतं त्याची तपासणी, लिहून दिली. साखरेच्या डॉक्टरांकडून फिटनेस, म्हणजे इंजेक्शन द्यायला तब्येत ठीक आहे असं पत्र, आणायला सांगितलं. तीन कामं, तीन माणसं. आम्ही मान डोलावली आणि परत आलो. तिथेच चुकलं. पुढच्या वेळी नेमकं कुणाकडे, कोणत्या वारी, कोणता कागद घेऊन यायचं हे आम्ही विचारलं नाही आणि आपणहून कुणी सांगितलंही नाही.

दुसऱ्या फेरीत इंजेक्शनच्या खोलीबाहेर नानांचं बीपी मोजलं, ते वर १९० आलं. मी विचारलं, "नाना, सकाळची गोळी घेतलीत ना?"

"अगं, उपाशीपोटी जायचं असतं ना ऑपरेशनला? म्हणून पाणीसुद्धा प्यायलो नाही."

डोळ्याच्या या इंजेक्शनला भूल असते ती नुसत्या थेंबांची. उपाशी राहायला आम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं, नानांनी ते स्वतःच गृहीत धरलं होतं. बीपीची गोळी नाही, पोटात काही नाही, वर एसटीचा प्रवास. त्यात साखरेचा रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा निघाला. परत पाठवलं, आणि बरोबरच केलं. म्हणून सांगते, "जेवून यायचं का, सकाळच्या गोळ्या घ्यायच्या का" हा प्रश्न फोनवर विचाराच, आणि विचारल्यावर उत्तर कागदावर लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. ती चालू आहे हे डॉक्टरांना सांगायचं आणि ते म्हणतील तसं करायचं. अलीकडे हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर तेही न विचारता सांगा, कारण इंजेक्शन कधी द्यायचं ते त्यावर ठरतं.

मग गौरी-गणपती आले. घरात पाहुणे, पुण्यात रस्ते बंद. पंधरा दिवस तसेच गेले.

तिसरी फेरी पितृपक्षात. नाना या दिवसांत नवीन काही सुरू करायला तयार नव्हते. आजोबांची तिथी झाल्यावर कसेबसे तयार झाले. शुक्रवारी नऊला पोचलो, केसपेपर काढला, बाकावर बसलो. एक मुलगी बाटली घेऊन रांगेने सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घालत येत होती. "मान वर करा बाबा, डोळे मिटून ठेवा." दर दहा मिनिटांनी, तीनदा. नानांनी मुकाट्याने मान वर केली. खांद्यावरच्या उपरण्याने गालावरचे ओघळ पुसले. तासाभराने आम्हाला फील्ड टेस्टच्या खोलीत बोलावलं, तिथल्या माणसाने टॉर्चने डोळे बघितले आणि म्हणाला, "यांचे थेंब झालेत. आज फील्ड होणार नाही."

बाहुली मोठी करणारे थेंब पडले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि फील्ड टेस्टचा निकाल भरवशाचा राहत नाही. डोळ्याचं प्रेशर आणि चष्म्याचा नंबरही थेंबांआधीच बघतात. मोतीबिंदूच्या लेन्सचं माप घ्यायचं असेल तर तेही थेंबांआधी. पडदा तपासणं आणि पडद्याची अँजिओग्राफी, म्हणजे रंग सोडून काढलेले त्याचे फोटो, थेंबांनंतर. एवढा क्रम मला आधी माहीत असता तर त्या मुलीला मी एवढंच म्हटलं असतं, "ताई, यांची फील्ड बाकी आहे, थेंब थांबवा." ती थांबली असती. बाकावर चाळीस माणसं असताना कुणाची कोणती तपासणी उरली आहे हे तिला कसं कळणार? ते फाइलमध्ये आतल्या पानावर लिहिलेलं असतं. म्हणून आता मी फाइलच्या वरच मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावते : फील्ड बाकी, थेंब नकोत. साधी टाचणीने लावलेली चिठ्ठी. चौथ्या फेरीत तिच्यामुळेच काम झालं.

त्याच दिवशी दुसरी गोष्टही कळली. पडद्याचे डॉक्टर रजेवर होते. दवाखान्याने आदल्या दिवशी मेसेज पाठवला होता, पण केसपेपरवर माझ्या भावाचा जुना नंबर होता आणि तो वर्षभरापूर्वीच बंद झालाय. काउंटरवर पाच मिनिटं उभं राहून माझा नंबर टाकून घेतला. तुम्ही पहिल्याच दिवशी दोन नंबर द्या, एक पेशंटचा आणि एक जो माणूस सोबत येणार आहे त्याचा.

परतीच्या एसटीत नाना कात्रजपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, तुझी पण रजा गेली." मला रजेचं काही नव्हतं. उजव्या डोळ्याने त्यांना समोरच्या सीटवरच्या बाईच्या साडीचा रंगसुद्धा नीट सांगता येत नव्हता, थोडं थेंबांमुळे आणि थोडं सुजेमुळे. ते माझ्या मनातून जाईना.

चौथ्या फेरीची तयारी मी आठवडाभर आधी सुरू केली. गल्लीतल्या लॅबमधून एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी, करून घेतलं. ते रिपोर्ट घेऊन आमच्या भोरच्या डॉक्टरांकडे गेले आणि फिटनेस लिहून घेतला. त्यात गोळ्यांची नावं, बीपी, तारीख आणि सही-शिक्का, सगळं. डॉक्टर म्हणाले, "यावर महिन्याची मुदत धरा, दुसऱ्या इंजेक्शनला नवीन घ्या." मग दवाखान्यात फोन. सकाळी उघडताच लावला तर लागत नाही. दुपारी साडेतीननंतर माणूस उचलतो आणि शांतपणे बोलतो. मी विचारलं ते असं : पडद्याचे डॉक्टर मंगळवारी नक्की आहेत का, रजा तर नाही ना, फील्ड टेस्ट त्याच सकाळी होईल का, इंजेक्शन त्याच दिवशी देतात की त्याचा वेगळा वार आहे, औषध तिथे मिळतं की बाहेरून आणायचं, आणि पैसे आधी भरायचे की नंतर. फोनवरच्या ताईंनी फील्डला साडेआठ आणि डॉक्टरांना अकरा अशी वेळ लावून दिली. दोन्ही एकाच दिवशी लावता येतात हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. मागितल्याशिवाय मिळत नाही.

पैशांचंही सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्डावर काही करायचं असेल तर आपला दवाखाना योजनेत आहे का आणि आपल्याला लिहून दिलेला उपचार त्यात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, पहिल्याच फेरीत विचारा. मंजुरीला दिवस लागतात. विम्याचंही तेच. धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं, आणि तहसीलचा दाखला काही एका दिवसात हातात पडत नाही. खाजगीत परवडत नसेल तर पुणे स्टेशनजवळचं ससून आहे, मोहम्मदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय आहे. कुठेही गेलात तरी वर सांगितलेले प्रश्न तेच राहतात.

मंगळवारी, चौथ्या फेरीला, आदल्या रात्री चुलतभावाकडे धनकवडीला मुक्काम केला. साडेआठची वेळ गाठायची तर एसटीच्या भरवशावर राहायचं नाही. नानांनी नाश्ता केला, गोळ्या घेतल्या, डब्यात दोन भाकऱ्या आणि खिशात खडीसाखर. साखरेच्या पेशंटला दवाखान्यात अकराचे दोन वाजतात आणि साखर खाली येते, म्हणून हे हवंच.

फील्ड टेस्ट पाऊण तासात झाली. मग थेंब. मग ओसीटी, आणि तिथे पहिल्या फेरीचा कागद आजच्या शेजारी ठेवल्यावर मलाही दिसलं : मधला खळगा आधी थोडा तरी दिसत होता, आता तिथे उंचवटा. सहा आठवड्यांत सूज वाढली होती. डॉक्टरांनी काही सुनावलं नाही, फक्त म्हणाले, "आता खंड पडू देऊ नका." त्यांनी अँजिओग्राफीही करून घेतली. हातातल्या शिरेतून पिवळा रंग सोडतात आणि पडद्याचे फोटो घेतात. क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्यांनी आधी बघितला, तो जवळ होता म्हणून तपासणी पुढे सरकली. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी-केशरी होते आणि कातडीही पिवळट दिसते. घरच्या माणसांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कावीळ झाली म्हणून घाबरतात.

इंजेक्शन स्वतः काही मिनिटांचं. सही, टोपी, डोळ्याभोवती तपकिरी औषध, आणि आत गेलेले नाना वीस मिनिटांत बाहेर आले. "मुंगी चावल्यासारखं झालं, एवढंच," म्हणाले. निघताना नर्सने सांगितलं ते मी लिहून घेतलं : डोळा चोळायचा नाही, काही दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, थेंब वेळेवर. आणि डोळा दुखायला लागला, लाली वाढत गेली किंवा नजर कमी झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी यायचं, कारण आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांवर गोष्ट येते. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा तो नंबर त्यांच्याकडून मागून घ्या. आम्हाला तो मागितल्यावर मिळाला.

येताना लिफ्टचं म्हटलं ते याचसाठी. थेंबांनंतर पायऱ्यांची कड दिसत नाही, सरकत्या जिन्यावर पाय कुठे ठेवायचा कळत नाही आणि बाहेर ऊन नुसतं टोचतं. गांधी टोपी, काळा चष्मा आणि माझा हात, असे आम्ही स्वारगेटपर्यंत आलो. पेशंटने एकट्याने येऊ नये, आणि सोबत येणाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसूनही नको.

दवाखाना सोडण्याआधी एक काम उरलं होतं, पुढच्या इंजेक्शनची तारीख. काउंटरवरच्या ताईंनी चार आठवडे मोजले तर बरोबर लक्ष्मीपूजनाचा मंगळवार आला. "डॉक्टर सुट्टीवर आहेत, मग पंधरा दिवस पुढची देते," म्हणाल्या. मी पिशवीतून कालनिर्णय काढलं. येताना भिंतीवरून उतरवूनच आणलं होतं. पुण्याच्या दवाखान्याची तारीख घेताना दिवाळी, गणपती विसर्जन आणि पालख्या शहरात मुक्कामी असतात ते दोन दिवस बघितल्याशिवाय घेऊ नका. मी विचारलं, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार आहे, तेव्हा पडद्याचे दुसरे कुणी डॉक्टर आहेत का?" त्यांनी आत जाऊन विचारलं. होते. ओसीटी दहाला, डॉक्टर साडेअकराला, फिटनेस नवीन. नानांनी स्वतः माझ्याकडून पेन घेतलं आणि डाव्या डोळ्याने बघत त्या चौकोनावर गोल केला.