माशीच्या मेंदूतलं घड्याळ आणि युरोपातलं भिंतीवरचं

फळमाशीच्या मेंदूत दोन्ही बाजूंना चार-चार छोट्या घड्याळ-पेशी, म्हणजे दिवस-रात्रीचं चक्र सांभाळणाऱ्या पेशी, असतात. पीडीएफ नावाचं पेप्टाइड (छोटं प्रथिन) बनवणाऱ्या या पेशींचे तंतू मेंदूच्या वरच्या भागात जातात. सकाळी त्यांच्या टोकांना भरपूर फांद्या दिसतात, रात्री त्याच मिटून जुडी होते. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २००८ साली हे दाखवलं. माशा सतत अंधारात ठेवल्या तरी ही उघडझाप चालू राहते. घड्याळ चालवणारं पीरियड जनुक निकामी असेल तर थांबते.

पीएचडीला युरोपात येऊन हा प्रयोग वाट्याला आला, तर मायक्रोस्कोप लवकर जमतो. जड जाते ती वेळ.

माशा २५ अंश सेल्सिअसला, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार अशा किमान तीन-चार दिवस ठेवायच्या. दिवे लागतात तो तास शून्य. मेंदू काढायचे दुसऱ्या आणि चौदाव्या तासाला. त्यासाठी रात्री जागायची गरज नाही: दोन इन्क्युबेटरचे टायमर उलटसुलट लावले की दोन्ही गट दिवसाच हाती येतात. अंधारातल्या माशा मंद लाल दिव्यातच काढाव्यात. पांढरा उजेड आत गेला तर उरलेल्या माशांचं घड्याळ सरकतं. मेंदू आहेत तसे टिकावेत म्हणून लगेच ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये टाकायचे. हात सावकाश चालत असेल तर गटात माशा कमी घ्या, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या मेंदूत तासाचं अंतर पडतं.

खरा सापळा रंगवण्यात आहे. टोकांमधलं पीडीएफसुद्धा दिवसभरात कमीजास्त होतं. फक्त तेच रंगवलं तर फांदी मिटली की पेप्टाइड संपलं, हे कळत नाही. म्हणून पेशीच्या पटलाला चिकटणारं जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, वापरतात. मग फांद्या सुटतात तिथून १० मायक्रोमीटर अंतराने वर्तुळं काढून फांद्या त्यांना किती ठिकाणी छेदतात ते मोजायचं, तेही कुठला गट ते मोजणाऱ्याला न सांगता.

भारतातून आलेल्यांच्या लक्षात न येणारी भानगड वेगळीच. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. टायमर संगणकाला जोडलेला असेल तर तोही सरकतो आणि माशांना फुकटचा जेट लॅग होतो. टायमर सरकला नाही तर माणूस चुकतो: मार्चमध्ये भिंतीवरचं घड्याळ बघून दुसऱ्या तासाऐवजी पहिल्याच तासाला मेंदू काढतो. टायमर यूटीसीवर, म्हणजे वर्षभर न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर, लावा आणि दिवे लागण्याची वेळ यूटीसीतच इन्क्युबेटरच्या दारावर लिहून ठेवा.