तुम्ही विचारलंत म्हणून: विम्याविना वजन उतरवण्याचे इंजेक्शन

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर सकाळी फिरताना माझे सैल झालेले शर्ट पाहून ओळखीची माणसे विचारतात, ‘भाऊ, इंजेक्शन कितीला पडते, आणि विमा नसताना परवडते कसे?’

विम्याचे आधी सांगतो. मी निवृत्त झालो आणि कंपनीचा सामूहिक विमा संपला. पण तो असता तरी उपयोग नव्हता, कारण साधी आरोग्य पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च देते, घरी आठवड्यातून एकदा टोचायच्या औषधाचा देत नाही. पॉलिसी असलेले माझे मित्रही हे पैसे खिशातूनच भरतात.

मी घेतो ते औषध टिर्झेपेटाइड, बाजारातले नाव मौंजारो. एक कुपी म्हणजे एका आठवड्याची मात्रा. मार्च २०२५ मध्ये ते भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. लोकांच्या लक्षात पहिलाच आकडा राहतो. परंतु ती लहान मात्रा शरीराला सवय व्हावी म्हणून चार आठवडेच असते, आणि त्या भावाने पुढे ५ मिलिग्रॅमवरच थांबले तरी ५२ आठवड्यांचे २,२४,००० रुपये होतात. हा हिशेब मी पहिल्या इंजेक्शनच्या आधी विजेच्या बिलामागे मांडला आणि एक मुदत ठेव मोडली. औषध थांबवल्यावर उतरलेले वजन बरेचसे परत येते असे अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे तीनच महिन्यांचे पैसे हाताशी असतील तर सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांची फी या खर्चात किरकोळ आहे. मार्च २०२० मधील टेलिमेडिसिनच्या (म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांच्या) मार्गदर्शक सूचनांमुळे नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर तपासून औषध लिहून देऊ शकतात. माझ्या डॉक्टरांनी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) विचारला, घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग आणि मला कधी स्वादुपिंडाला सूज होती का, हे खोदून विचारले, आणि रक्ताचे अहवाल पाहिल्याशिवाय काही लिहिले नाही. त्याआधी एका ॲपवर मात्र पाच मिनिटांत ‘औषध पाठवू का’ असा प्रश्न आला होता. तिथे मी थांबायला हवे होते.

थांबलो नाही, आणि मे महिन्यात कुपी कुरियरने मागवली. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते, आणि फ्रिजबाहेर ठेवलेच तर ३० अंशांच्या आत, तेही फार तर २१ दिवस. नागपुरात त्या दुपारी पारा ४४ वर होता आणि खोके तीन तास चौकीदाराच्या टेबलावर पडून होते. आतली बर्फाची पिशवी कोमट पाणी झाली होती. पैसे परत मिळाले नाहीत आणि ३,५०० रुपयांची कुपी मी टाकून दिली. (टाकताना हात थरथरला, हे कबूल करतो.) तेव्हापासून सल्ला व्हिडिओवर आणि खरेदी धंतोलीतल्या औषधाच्या दुकानातून, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, स्वतःचा थर्मास घेऊन.

एक सवलत फार कुणाला ठाऊक नसते. वय साठ किंवा त्याहून जास्त असेल आणि आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा वैद्यकीय खर्च उत्पन्नातून वजा करता येतो, मात्र तो रोखीने केलेला चालत नाही. म्हणून दुकानदार ‘रोख द्या, थोडे कमी करतो’ म्हणाले तरी मी यूपीआयनेच पैसे देतो आणि बिलावर माझे पूर्ण नाव घालून घेतो.